जवळ जाऊ, की झूम करू?

कॅमेरा घेतल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी एक ताप येतो. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नसतो. लंच टाइममध्ये डबा बाजूला आणि मोबाइलवर लेन्सचे रिव्ह्यू सुरू. कॅमेऱ्यासोबत फुकटात आल्यासारखी आलेली १८-५५ अचानक भंगार वाटायला लागते. ग्रुपमधल्या कुणीतरी भिगवणला जाऊन रोहित पक्ष्याचा डोळासुद्धा दिसेल असा फोटो टाकलेला असतो आणि आपल्या फोटोत पाण्यावर नुसते गुलाबी ठिपके. मग निष्कर्ष ठरलेला. झूम लेन्स पाहिजे!

गंमत अशी की ती तुमच्याकडे आधीच असते. १८-५५ ही झूमच आहे. जिची फोकल लेंग्थ बदलता येते ती झूम, जिची येत नाही ती प्राइम. एवढा साधा हिशेब. लांबचं जवळ आणते ती टेलिफोटो. ७०-२०० ही दोन्ही आहे. १०-२० झूम आहे, पण टेलिफोटो अजिबात नाही. दुकानात जो ‘एक्स’चा आकडा ऐकवतात, तोही ह्याच गोंधळावर जगतो. १८-३०० म्हणजे जवळजवळ १७ एक्स आणि १५०-६०० म्हणजे फक्त ४ एक्स. पक्षी टिपायला दोघींपैकी कोण बरी, हे काय सांगायला हवं?

झूम ही तशी तरुण चीज. सिनेमावाले ती आधीपासून वापरत होते, पण ३५ मिलिमीटरच्या फोटो-कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली १९५९ मध्ये. फोइग्टलेंडर कंपनीची झूमार, ३६-८२, एफ/२.८. डिझाइन फ्रँक बॅक ह्यांचं. पुढे बरीच वर्षं पक्के फोटोग्राफर झूमला नाकं मुरडायचे, कारण प्राइमची धार तिला नव्हती. आज प्रेस फोटोग्राफरच्या खांद्यावर बघा, एकीकडे २४-७० आणि दुसरीकडे ७०-२०० लटकत असते. बहुतेकांचा सगळा संसार तेवढ्यावर चालतो.

बोनस आणि नथीतला मोती

माझा मामेभाऊ हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या वर्षी बोनस अकाउंटला पडला, त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

‘ताई, १५०-६०० घेतोय. भिगवण होईल, ताडोबा होईल, आणि डिसेंबरात छोटीचं लग्नपण त्यातच होईल.’

‘लग्नात तिच्या नथीतला एक मोती येईल रे फक्त.’

‘मागे सरकेन ना.’

‘कुठे, हॉलच्या बाहेर?’

हसण्यावारी नेलं तरी हिशेब खरा होता. त्याचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. म्हणजे लेन्सवरच्या आकड्याला दीडनं गुणायचं (कॅननवाल्यांनी १.६ नं), की फुल फ्रेमच्या मानानं किती दिसेल ते कळतं. १५० चे झाले २२५. त्यात सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला २.८ मीटरच्या आतलं फोकसच होत नाही. वजन दोन किलोला थोडंसंच कमी. मंगल कार्यालयात, नातेवाइकांच्या गर्दीत, हातात दोन किलोची तोफ घेऊन हा उभा राहणार आणि समोरच्या काकूंचा अंबाडा टिपणार!

लग्नात एक क्षण असा येतो की तिथे लेन्स बदलायला सवड नसते. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, हार पडतात. सगळं मिळून काही सेकंद. त्यात तुम्हाला अख्खं स्टेज हवं असतं आणि लगेच नवरीचा चेहराही. मागे उभा असलेला तिचा मामाही हवा असतो. इथे २४-७० एफ/२.८ सारखी लेन्स सोनं आहे. क्रॉप सेन्सरवर तेच काम १७-५० किंवा १७-५५ एफ/२.८ करते. मनगटाच्या एका वळशात ‘सगळे’पासून ‘एकटी’पर्यंत.

आता ते एफ/२.८ प्रकरण. किट लेन्सवर ‘३.५-५.६’ असं छापलेलं असतं. म्हणजे १८ ला ती ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला गेलात की ५.६ च्या पुढे उघडत नाही. २.८ आणि ५.६ ह्यांत प्रकाशाचा फरक किती? चौपट. जिथे २.८ वाल्याला १/२०० चा शटर स्पीड मिळतो, तिथे ५.६ वाला १/५० वर अडकतो आणि १/५० ला हलणारा हात म्हणजे धूसर रेघ. कार्यालयातल्या पिवळट ट्यूबलाइटमध्ये हा फरक फार जाणवतो. झूमभर एकच एफ नंबर टिकवणाऱ्या लेन्स महाग आणि जड का असतात, त्याचं उत्तर इथे आहे. तेवढा प्रकाश आत घ्यायचा तर काचा मोठ्या लागतात.

‘पण लग्नाला फोटोग्राफर ठरवलाय ना मामानं, मग तुला कशाला?’ असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘तो स्टेजचे काढेल गं. आजीचे कोण काढणार?’

हे मात्र बिनतोड होतं. आमची आजी ८६ वर्षांची. तिचा अलीकडचा, नीट चेहरा दिसेल असा फोटो घरात एकच, तोही आधार कार्डावरचा. ती कॅमेरा दिसला की पदर सारखा करते, ताठ बसते आणि चेहरा दगडासारखा करते. तिचा फोटो तिला न कळताच काढायला हवा आणि तो निघणार लग्नातच, नातीला बघताना.

शेवटी त्यानं सेकंडहॅण्ड १७-५० एफ/२.८ घेतली आणि नव्या १५०-६०० ला लागले असते त्यापेक्षा बरेच पैसे वाचवले. लग्नात आजी पहिल्या रांगेत, खुर्चीत. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा सगळे स्टेजकडे बघत होते आणि हा आजीकडे, सात-आठ फुटांवरून, लेन्स ५० ला लावून. हातातल्या अक्षता टाकायच्या राहून गेल्यात, मूठ तशीच अर्धी वर, तोंड किंचित उघडं. फोटो मामाच्या हॉलमध्ये लावलाय. आजी म्हणते, ‘मी अशी दिसते होय?’

आधी जुने फोटो उघडा

लेन्स घ्यायच्या आधी एक फुकटचा उद्योग करा. गेल्या सहा महिन्यांतले फोटो कम्प्युटरवर घ्या आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ किती आहे ते बघत जा. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थनुसार फोटो वेगळे करता येतात, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम.

किट लेन्सवाल्यांचं चित्र बहुतेक वेळा असं निघतं, मधले आकडे जवळजवळ ओसाड आणि गर्दी दोन्ही टोकांना. १८ वर किंवा ५५ वर. फोटो १८ वर तुंबले असतील तर तुम्हाला आणखी रुंद काही हवंय, १०-२० च्या घरातलं. ५५ वर तुंबले असतील तर तुम्ही रोज आणखी थोडं पुढे जायला धडपडताय; ५५-२५० किंवा ७०-३०० बघा. त्या स्वस्त आहेत, हलक्या आहेत आणि दिवसाउजेडी चांगलं काम देतात. आणि फोटो मधेच कुठेतरी ३५ च्या आसपास गोळा झाले असतील, तर झूमचा नाद सोडा, ३५ ची प्राइम घ्या आणि उरलेल्या पैशांत फिरून या.

एकच १८-३०० घेऊन मोकळं व्हावं का? प्रवासात एकच लेन्स, बदलाबदली नाही, बाइकच्या मागे बसूनही चालते. पण १८ पासून ३०० पर्यंत सगळं सांभाळताना कडा मऊ पडतात, सरळ भिंती वाकतात आणि लांबच्या टोकाला अंधार. ट्रिपसाठी झकास. तिच्याकडून नाटकाचे किंवा पक्ष्यांचे फोटो मागू नका.

भिगवणला ६०० कमी पडते तेव्हा

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर गेलं की भिगवण, उजनीचं बॅकवॉटर. हिवाळ्यात पहाटे कुंभारगावच्या काठावर होड्या लागलेल्या असतात, त्या चालवणारे मूळचे मासेमारी करणारे. इथे लांब झूमला खरंच पर्याय नाही. पक्षी ठरवतो तो किती जवळ येऊ देणार ते. रोहित लांब, सुरय डोक्यावर, आणि खंड्या अचानक होडीशेजारच्या काठीवर. ६०० ची प्राइम घेऊन बसलात तर खंड्या गेला. म्हणून १००-४०० किंवा १५०-६००.

पण लेन्सच्या नावानं खडे फोडण्याआधी दोन गोष्टी. लेन्समध्ये हात स्थिर करणारी यंत्रणा असते. निकॉनवाले तिला व्हीआर म्हणतात, कॅननवाले आयएस, सिग्मावाले ओएस, टॅमरॉनवाले व्हीसी. ती तुमच्या हाताची थरथर आवरते. पक्ष्याचे पंख आवरत नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या आसपास शटर लागतोच, लेन्स कितीही भारी असो. जुना नियम असा की शटर निदान फोकल लेंग्थइतका हवा, ६०० ला १/६००, आणि क्रॉप सेन्सरवर दीडपट. होडीत तर त्याहून जास्तच ठेवा, कारण होडीवाले दादा कितीही निष्णात असले तरी पाणी त्यांचं ऐकत नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून थरथरते. तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये अशी शेकडो फूट हवा असते आणि ६०० ची लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करून दाखवते. मग ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. ह्यावर उपाय एकच, सूर्योदयाला पाण्यात असायचं आणि ऊन तापलं की काठावर येऊन चुलीवरचा मासा खायचा. मिसळ सोडून लवकर उठायची तयारी नसेल तर दोन लाखांची लेन्सही गुलाबी ठिपकेच देईल, जरा मोठे.

आणि होडीवाल्याला ‘दादा, अजून जवळ घ्या, उडवा जरा’ असं सांगणारे! थवा उडताना फोटो छान येतो, कबूल. पण ते पक्षी तिथे पोट भरायला आलेले असतात. झूम असण्याचा उपयोगच हा, की त्यांना न उठवता काम होतं.

ताडोबात गणित जरा वेगळं. जिप्सीतून उतरता येत नाही, म्हणून पायांचं काम लेन्सनं करायचं. वाघ गवतात असतो तेव्हा ४०० हवी आणि तो रस्त्यानं सरळ गाडीकडे चालत येतो तेव्हा १०० सुद्धा जास्त वाटते. अशा वेळी झूमवाला रिंग फिरवतो आणि प्राइमवाला वाघाच्या कपाळाचा फोटो घेऊन येतो. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नसते. कापडी पिशवीत तांदूळ भरून ती दांडीवर ठेवायची आणि वर लेन्स. दिसायला गावठी, पण उत्तम टेकू. इंजिन बंद करायला मात्र विनंती करा, नाहीतर सगळी जिप्सी लेन्ससकट थरथरत असते.

पूर्वी ६.३ पर्यंतच उघडणाऱ्या लेन्स पहाटेच्या जंगलात कुचकामी मानायचे. आता कॅमेरे आयएसओ ३२०० आणि ६४०० सहज पचवतात, दाणे काढणारी सॉफ्टवेअरही चांगली आलीत. त्यामुळे स्वस्तातल्या लांब झूमना चांगले दिवस आहेत.

दिवे घाट आणि चंद्रभागा

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम संपवून सासवडकडे निघते तेव्हा दिवे घाट चढते. त्या दिवसाचा तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय, वळणावळणाचा रस्ता, त्यावर माणसांची नदी, पताकाच पताका, मुंगीला जागा नाही. हा फोटो २०० किंवा त्याच्या वरच्या लेन्सचा. लोक म्हणतात टेलिफोटो गर्दी ‘दाबते’. खरं तर दाबतं ते अंतर. तुम्ही वरच्या वळणावर लांब उभे असता, त्यामुळे पुढची दिंडी आणि मागची दिंडी तुमच्यापासून जवळजवळ सारख्याच लांब असतात आणि एकीला एक चिकटल्यासारख्या दिसतात. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. पटत नसेल तर त्याच जागेवरून १८ नं फोटो काढा आणि मधला भाग मोठा करून बघा. रचना तीच निघेल, फक्त पिक्सेल फुटलेले.

मग घाट उतरून दिंडीत शिरा, लेन्स २४ वर आणा. आता टाळ तुमच्या कानाशी, डोक्यावर तुळस घेतलेली मावशी हातभर अंतरावर, आणि तिच्या मागे रस्ता लांबच लांब पसरलेला. ती तुमच्याकडे बघते. ‘कुठून आलास बाळा’ विचारते, मुलगी असलात तरी. वारीचा दुसरा फोटो हा. दोन्ही खरे, दोन्ही हवेत, पण दुसऱ्यासाठी चालावं लागतं.

आषाढीला पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी मात्र मी एक वेगळंच दृश्य पाहिलं. बायका अंघोळ करतायत, ओली लुगडी, उघडे दंड, आणि पन्नास-साठ पावलांवर गुडघे टेकून रांगेत बसलेल्या ७०-२०० आणि १००-४००. एका म्हातारीचं लक्ष गेलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि दोघी पाण्यातच पाठ फिरवून, लुगडं आवळून बसल्या, तिघा-चौघांनी क्लिक करणं थांबवेपर्यंत. ती इतक्या लांबून पायी आली होती नदीत डुबकी मारायला, आणि तिथे तिला लपावं लागत होतं.

मी माझ्यापुरता एक नियम केलाय. जो फोटो मी पाच फुटांवर उभी राहून काढू शकले नसते, तो पन्नास फुटांवरून झूम करून काढायचा नाही. माणसांच्या बाबतीत. वाघाला हा नियम लागू नाही, उघड आहे. मग आजीचा फोटो? तो तिला न सांगता काढला होताच. पण सात-आठ फुटांवरून, घरच्या माणसानं, आणि भिंतीवर लावण्याआधी तिला दाखवून. रस्त्यावरच्या फोटोग्राफीत सगळेच हे मानत नाहीत. ‘विचारलं की नैसर्गिकपणा जातो’ हे त्यांचं म्हणणं. जातो, दोन मिनिटं. दोन मिनिटांनी लोक तुम्हाला विसरतात आणि आपल्या कामाला लागतात.

थोडे फुटकळ उद्योग

कासच्या पठारावर फुलं इवलीशी. सीतेची आसवं टिपायची म्हणून लोक आडवे झोपतात आणि दहा फुलं चिरडून एकाचा फोटो घेतात. लांब झूम इथे कामाला येते, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. कॅननच्या १००-४०० ची २०१४ ची दुसरी आवृत्ती ९८ सेंटीमीटरवर फोकस करते, तेही ४०० ला. वाटेवर उभं राहून फुलाचा भरगच्च क्लोज-अप, मागची फुलं विरघळून नुसता जांभळा रंग.

नाटकाचे फोटो काढायचे असतील तर रंगीत तालमीला परवानगी मागा. ७०-२०० एफ/२.८, चौथी-पाचवी रांग, फ्लॅश नाही. मिररलेस असेल तर शटरचा आवाज बंद करता येतो. प्रयोगात तिकीट काढून बसलेल्यांच्या शेजारी खटखट करणाऱ्याला प्रेक्षक योग्य ते ऐकवतात आणि ते बरोबरच आहे.

दिवाळीत किंवा विसर्जनाच्या रोषणाईत एक गंमत करून बघा. शटर १/४ सेकंद ठेवा आणि शटर उघडा असतानाच झूमची रिंग फिरवा. दिव्यांच्या रेघा मधून बाहेर धावतात. पंचवीस फोटोंत एक जमतो. पण मिरवणुकीत गुलाल उडत असेल तर लांब-आखूड होणारी लेन्स जपा. नळी बाहेर-आत करताना ती हवा ओढते आणि हवेबरोबर गुलालही.

मोबाइलवाले विचारतील, आमच्याकडे ३ एक्स, ५ एक्स आहे, त्याचं काय? बहुतेक फोनमध्ये त्या वेगवेगळ्या प्राइम लेन्स असतात, शेजारी शेजारी बसवलेल्या. मधले आकडे, म्हणजे २.३ एक्स वगैरे, हा कापून मोठा केलेला फोटो. खरीखुरी सरकणारी झूम सोनीनं २०२२ च्या एक्स्पीरिया १ फोरमध्ये दिली होती, ८५ ते १२५ पर्यंत. तेव्हा फोनवर फोटो काढताना बटणावर छापलेल्या आकड्यावरच थांबा आणि उरलेलं अंतर चाला.

आणि घ्यायच्या आधी भाड्यानं आणा. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसावर भाड्यानं मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. शुक्रवारी संध्याकाळी उचलायची, सोमवारी ऑफिसला जाताना परत. दुकानातच तपासून घ्या. लेन्स खाली तोंड करून धरली तर नळी आपोआप घसरते का, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, दोन्ही टोकांना फोकस नीट बसतो का. झूम केल्यावर फोकस पुन्हा घ्यायची सवयही करा, कारण आजच्या बऱ्याच झूममध्ये रिंग फिरली की फोकस किंचित हलतो. दोन दिवस दोन किलो गळ्यात वागवून मान काय म्हणते तेही कळेल.

विकत घेतलीच, तर पावसाळ्याचं बघा. कॅमेऱ्याच्या चामडी बॅगेत जून ते सप्टेंबर लेन्स ठेवली की बुरशी ठरलेली, मुंबईत आणि कोकणात तर नक्कीच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, हा खर्च पाचशे रुपयांच्या आतला. एसी गाडीतून उतरून लगेच डबा उघडू नका, काचेवर दव धरतं. वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो.